शाळेंतील शांतता

पुण्याच्या नारायण पेठेंत लक्ष्मी रस्त्याला लागून मुलींची एक जुनी शाळा आहे. तिचें कागदोपत्रीं नांव निराळें. पुणेकरांच्या तोंडीं ती हुजूरपागा. पेशवाईंत येथें हुजुरांच्या घोड्यांची पागा होती, तिचें नांव जागेला चिकटलें आणि जागेवरून तें शाळेला मिळालें. १८८४ सालीं निघालेली ही शाळा पुढें या जागेंत स्थिरावली, आणि जेथें टापा व खिंकाळणें चाले, तेथें मुली ओळीनें बसून गणितें सोडवूं लागल्या. पागेची शाळा झाली, ही गोष्ट सर्वांच्या लक्षांत राहते. परंतु त्याच शतकांत आपल्याकडील शाळांमध्यें दुसरा एक पालट झाला, तो आमच्या मतें याहून मोठा आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तो पालट म्हणजे शाळा गप्प झाली.

वर्ग म्हटला कीं तो शांत असावयाचा, असें आज आम्ही धरून चालतों. वर्गांत गलबला ऐकूं आला तर शिक्षक जाग्यावर नसावा, असा तर्क व्हरांड्यांतून जाणारा शिपाईहि करतो. ही समजूत इतकी अंगवळणीं पडली आहे कीं ती सनातन असावी असें वाटतें. प्रत्यक्षांत तिचें वय पावणेदोनशें वर्षांहून फारसें अधिक नाहीं.

त्यापूर्वींची शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती देवळाच्या ओवरींत किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर भरे, आणि ती कोठें भरली आहे हें कोणाला विचारावें लागत नसे. आवाजाच्या रोखानें चालत गेलें म्हणजे पुरे. कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवीत तें मोठ्यानें उच्चारीत आहे, कोणी मोडीचा कित्ता वळवितांना शब्द म्हणत आहे, कोणी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांच्या पायऱ्या चढत आहे, आणि संध्याकाळीं सगळीं मुलें मिळून परवचा म्हणत आहेत, असा तो एकंदर थाट असे. या गोंगाटाला साहेबलोक हंसले आणि त्यांचें पाहून आमचे सुशिक्षितहि हंसले. पण गोंगाटाला कारण होतें. छापील पुस्तक नव्हतें, कागद महाग होता, आणि पुढें दुकानावर किंवा दप्तरांत बसल्यावर हिशेब तोंडीं करावयाचा होता. जें जिभेवर नाहीं तें विद्यार्थ्याजवळ नाहीं, असा तो काळ. शिवाय एकाच ओसरीवर दहा मुलांचे दहा धडे चालत, कारण इयत्ता ही कल्पनाच नव्हती. जो तो आपल्या गतीनें पुढें जाई. पंतोजी खांबाला टेकून डोळे मिटून बसलेले दिसत, पण त्यांचा कान जागा असे. तीस मुलांच्या कल्लोळांत एक आवाज थांबला कीं तो कोणाचा, हें त्यांना न पाहतां कळे, आणि मग छडीचें काम सुरू होई. आवाज हीच त्यांची हजेरी व आवाज हीच त्यांची परीक्षा. या शाळेंत मार पुष्कळ होता, अर्थबोध थोडा होता आणि मुलींना व खालच्या मानलेल्या जातींना बहुधा प्रवेश नव्हता. तेव्हां तिचे गोडवे गाण्याचें आमच्या मनांत नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं तिच्यांत गप्प बसणें हा गुण नव्हता, अपराध होता.

अशा शाळा थोड्याथोडक्या नव्हत्या. १८२९ सालच्या सरकारी मोजदादींत मुंबई इलाख्यांतील शाळांची संख्या १,७०५ व विद्यार्थ्यांची ३५,१४३ दिलेली आहे; त्यांपैकीं सरकारी शाळा अवघ्या २५.

आतां ही बोलकी शाळा गप्प कशी झाली याचा शोध घेऊं गेल्यास एक मौजेचा वळसा दिसतो. अँड्र्यू बेल नांवाचे एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोर येथें लष्करी गोऱ्यांच्या पोरक्या मुलांची शाळा चालवीत होते. देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत शिकतात, हें त्यांनीं पाहिलें, व तोच प्रकार आपल्या शाळेंत आणून मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकविण्याची पद्धत बसविली. आपल्या पंतोजींकडे हुशार मुलगा धाकट्यांचे पाढे घेई, त्यांतलाच हा प्रकार. बेल यांनीं १७९७ सालीं लंडनांत यावर पुस्तक छापलें. पुढल्याच वर्षीं जोसेफ लँकेस्टर यांनीं लंडनच्या बरो रोडवर शाळा काढली आणि ही पद्धत कारखान्याच्या शिस्तीनें राबविली. एका दालनांत शेंकडों मुलें, शिक्षक एक आणि त्याच्या हाताखालीं मुलांतलेच नायक. एवढ्या मुलांना एका माणसानें आवरावयाचें तर हुकूम तोंडानें देऊन भागेना. म्हणून घंटा आली, हातांच्या खुणा आल्या आणि अक्षरें लिहिलेल्या फळ्या फिरवून दुरून हुकूम दाखविण्याची युक्ति आली. पाट्या दाखवा, समोर तोंड करा, हें सर्व न बोलतां. मद्रासेच्या वाळूंत जी पद्धत बडबडत होती, ती लंडनांत मुकी झाली.

आणि मग ती परत आली. १८२२ सालीं मुंबईंत शाळा व शाळापुस्तकें यांसाठीं जी मंडळी स्थापन झाली, तिनें लँकेस्टरचा नमुना पत्करला आणि त्या नमुन्यावर तयार झालेले मास्तर १८२६ पासून दक्षिणेंत, कोंकणांत व गुजराथेंत धाडले. आपल्याच अंगणांतील रोप विलायतेला जाऊन कुंडींत बसून परत यावें, तसें हें झालें. मास्तर या शब्दाबरोबर घंटा, हजेरीपट व वर्ग हे शब्दहि रुळले, आणि पंतोजी मागें पडूं लागले.

तरीहि शांततेला खरा सरकारी शिक्का बसला तो १८५५ नंतर. वुडच्या १८५४ च्या खलित्यानुसार शिक्षणखातें निघालें, इन्स्पेक्टर व डेप्युटी नेमले गेले. कांहीं वर्षांनीं परीक्षेंत उतरलेल्या मुलांच्या संख्येवर शाळेचें अनुदान ठरूं लागलें. डेप्युटी येणार ही वार्ता गांवांत आली कीं शाळा सारवली जाई, मुलांच्या टोप्या सारख्या केल्या जात आणि श्वास घेण्यापुरतीच हालचाल वर्गांत राही. डेप्युटीला उभ्या उभ्या जें दिसें, त्यावर त्याला शेरा लिहावयाचा असे. मुलाला काय समजलें हें एका दुपारींत दिसत नाहीं. शांतता मात्र दारांतूनच दिसते. पाहणाराला सोयीची म्हणून ती शिकण्याला सोयीची मानली गेली, असा आमचा तर्क आहे, आणि आजची शाळातपासणी पाहिली तरी तो सोडून देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं मौन ही तर आमचीच विद्या. गुरुकुलांत शिष्य काय बडबडत होते? वास्तविक बडबडतच होते. वेदाध्ययनांत गुरूनें संथा द्यावयाची व शिष्यानें ती पुनःपुन्हां म्हणावयाची. पदें, क्रम, जटा, घन हे सगळे पाठ आवाजाचेच. १८७५ सालीं पुण्यांत निघालेल्या वेदशास्त्रोत्तेजक सभेनें ज्या परीक्षा चालविल्या, त्यांतहि कानाचीच कसोटी राहिली. शास्त्राध्ययनांत तर गप्प बसणें म्हणजे हरणें. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादांत पराभव ठरविणारीं २२ निग्रहस्थानें सांगितलीं आहेत. त्यांत प्रतिपक्षाचें म्हणणें तीनदां सांगूनहि ज्याला तें परत मांडतां येत नाहीं तो एक, आणि ज्याला उत्तर सुचत नाहीं तो दुसरा. १८२१ सालीं विश्रामबागवाड्यांत इंग्रज सरकारनें जी संस्कृत पाठशाळा काढली, तींत न्याय, व्याकरण, वेदान्त हे विषय याच रीतीनें चालत. तेथून तयार झालेल्या शास्त्रीमंडळींची जीभ पुढें वर्तमानपत्रांत काय करूं शकली, हें मराठी वाचकांस सांगावयास नको.

मौनाला त्या परंपरेंत स्थान नव्हतें असें मात्र नव्हे. शंकराचार्यांनीं ब्रह्मसूत्रभाष्यांत बाष्कली व बाध्व यांची एक कथा दिली आहे. बाष्कलीनें ब्रह्म म्हणजे काय तें विचारलें. बाध्व गप्प राहिले. दुसऱ्यांदा विचारलें, तरी गप्प. तिसऱ्या खेपेस ते म्हणाले कीं मी सांगतोंच आहें, तुला उमजत नाहीं. हा आत्मा शांत आहे. येथें गप्प कोण आहे, तें पाहण्यासारखें आहे. गप्प आहे तो गुरु. शिष्य तीनदां विचारतो आहे, आणि त्यानें विचारूं नये असें कथेंत कोठेंहि नाहीं. आमच्या वर्गांनीं ही मांडणी उलटी केली.

दुसरें मौन अनध्यायाचें. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, मेघगर्जना, कोल्ह्यांची ओरड, अशा प्रसंगीं पाठ बंद. प्रतिपदेला अभ्यास करणाराची विद्या क्षीण होते, ही समजूत इतकी रूढ होती कीं वाल्मीकीनें विरहांत कृश झालेल्या सीतेला तिचीच उपमा दिली आहे. घोकलेलें मुरण्यास मधून मधून एक दिवस कोरा असावा, यांत शहाणपण होतें, आणि आमच्या भरगच्च वेळापत्रकांत तें उरलेलें नाहीं. परंतु त्याच मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायांत शूद्राच्या सन्निध वेद म्हणूं नये असाहि नियम आहे. म्हणजे एकाच अध्यायांत विश्रांतीचें मौन आणि कुंपणाचें मौन शेजारीं शेजारीं बसलेलीं आहेत. शांततेचा इतिहास लिहितांना पहिलें सांगून दुसरें गाळणें आम्हांला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

त्या कुंपणाबाहेरून आलेला पहिला मोठा आवाज पुण्याचाच आहे. १८४८ सालीं बुधवार पेठेंत भिड्यांच्या वाड्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, पुढें अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. त्यांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध १८५५ सालीं 'ज्ञानोदया'ंत छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर त्यांवर आमचा अधिकार नाहीं, मग आम्ही धर्मरहित ठरतों, आमचा धर्म कोणता तें देवानेंच सांगावें, अशा आशयाचा तिचा युक्तिवाद आहे. न्यायशाळेंतल्या पंडितालाहि उत्तर देतांना थांबावें लागेल अशी ही बिनतोड मांडणी, आणि ती करणारी तीनेक वर्षें शिकलेली पोर. ज्या समाजाला ऐकण्याचीहि बंदी, त्यांतल्या मुलीनें लिहिलें. तिला शिकविणाऱ्यांनीं तिला गप्प बसावयास शिकविलें नव्हतें, हें उघड आहे.

याच्या उलट चित्र पुढें साताऱ्याच्या शाळेंत दिसतें. भीमराव आंबेडकर नांवाचा विद्यार्थी वर्गांत एकटा, घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर बसे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची सोय नाहीं, शिपायानें तोटी सोडावी तेव्हां पाणी. हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें आहे. शाळा सरकारी शिस्तीची, घंटेवर चालणारी. तपासणीस आलेल्या साहेबानें तो वर्ग शांत म्हणूनच नोंदला असता.

आतां पुन्हां नारायण पेठेकडे येऊं. मुलींच्या हायस्कुलाचा उद्योग न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींनीं आरंभिला, तेव्हां भांडण विषयांचें आणि वेळेचें होतें असें वरवर दिसतें. १८८७ सालीं 'मराठा' व 'केसरी' या पत्रांनीं या शाळेच्या अभ्यासक्रमावर झोड उठविली: सासरीं नांदणाऱ्या मुलींना दुपारभर शाळेंत बसविणें व इंग्रजी शिकविणें आमच्या समाजाला मानवणारें नाहीं. पण मुळाशीं प्रश्न आवाजाचा होता. शिकलेली सून बोलेल काय, बोलली तर कोणापुढें, आणि तिचें कोणीं ऐकावयाचें? रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें १९१० सालचें पुस्तक या दृष्टीनें वाचून पाहावें. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्या रानड्यांच्या घरीं आल्या. यजमान रात्रीं शिकवीत. दिवसां घरांतील वडील बायका त्याचा वचपा काढीत. टोमणे, आडून बोलणें, पंक्तींत वेगळी वागणूक, आणि सर्वांत जड म्हणजे अबोला. त्यावर उलट उत्तर न करणें हें सुनेचें वळण; तें त्यांनीं पाळलें, पण वाचन सोडलें नाहीं. मुलींच्या हायस्कुलासाठीं भरलेल्या सभेंत त्यांनीं इंग्रजी निवेदन वाचून दाखविलें, तेव्हां घरांतल्या रोषाला नवें निमित्त मिळालें. एकाच बाईच्या आयुष्यांत घरीं सक्तीचें मौन आणि सभेंत परक्या भाषेंतला उच्चार, हीं दोन्हीं एका दिवशीं यावीं, याहून त्या काळाचें नेमकें चित्र आम्हांस आठवत नाहीं.

नियतीचा विनोद असा कीं ज्या पत्रानें शाळेवर टीका केली, तें पत्रहि पुढें याच पेठेंत नांदावयास आलें. १९०५ सालीं टिळकांनीं नारायण पेठेंतील गायकवाडवाडा सयाजीराव महाराजांकडून विकत घेतला आणि 'केसरी'चें बिऱ्हाड तेथें झालें. दोन्ही वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वाद केव्हांच विझला. शाळा चालू आहे.

मूकवाचन नांवाची जी गोष्ट आज प्राथमिक शाळेंतहि शिकवितात, तिचा येथें उल्लेख करावयास हवा. 'केसरी'चा अंक गांवोगांवीं जाई तेव्हां एकानें वाचावा व दहांनीं ऐकावा, अशी चाल होती. वाचणें म्हणजेच मोठ्यानें वाचणें. पोथींत शब्द सलग लिहिलेले, ते तोडण्याला जीभच लागे. युरोपांतहि पूर्वीं असेंच होतें. चौथ्या शतकांत मिलानचे बिशप अँब्रोज ओठ न हालवितां वाचतात याचें ऑगस्टीनला एवढें नवल वाटलें कीं त्यानें तें आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें. छापील पुस्तक हातोहातीं आलें, शब्द सुटे झाले, आणि वाचणारा मनांतल्या मनांत वाचूं लागला. रमाबाईंच्या पिढींतील बायकांना याचा केवढा आधार झाला असेल! मोठ्यानें वाचलें तर सासू ऐकेल. डोळ्यांनीं वाचलें तर भिंतीलाहि कळत नाहीं. शांतता लादली जाते तशी ती आसराहि देते. आमच्या लेखाचा रोख शांततेच्या विरुद्ध आहे असें कोणास वाटत असेल, तर त्यानें येथें थोडें थांबावें.

या दुसऱ्या शांततेला शाळेंत जाणीवपूर्वक जागा दिली ती माँटेसोरीबाईंनीं. रोममध्यें जानेवारी १९०७ मध्यें त्यांचें बालगृह उघडलें. एकदां त्यांनीं चार महिन्यांचें तान्हें मूल कडेवर घेऊन वर्गांत आणलें व तें किती स्तब्ध आहे पाहा, तुम्हांला असें राहतां येईल का, असें मुलांना सहज विचारलें. मुलांनीं तें आव्हान घेतलें, आणि त्यांतून शांततेचा खेळ निघाला. सर्व मुलें निश्चल बसतात. बाई दुसऱ्या खोलींत जाऊन एकेकाचें नांव कुजबुजतात. ज्याचें नांव ऐकूं आलें तो पाय न वाजवितां उठून जातो. कोणी शिक्षा म्हणून गप्प नाहीं, गप्प राहतां आलें याचाच आनंद. आपल्याकडे गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापून या विचाराला वाट करून दिली. ताराबाईंनीं पुढें १९४५ पासून बोर्डीस आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांची अंगणवाडी उभारली. माँटेसोरीबाई स्वतः १९३९ सालीं मद्रासेंत अड्यार येथें आल्या आणि युद्धामुळें १९४६ पर्यंत हिंदुस्थानांतच राहिल्या. ज्या मद्रासेच्या वाळूवरून बेलसाहेबांनीं गोंगाटाची पद्धत उचलली, त्याच शहरीं दीडशें वर्षांनीं शांततेचा खेळ शिकविला गेला. इतिहासाला अशा जुळण्या आवडतात, त्यांवरून अनुमान मात्र काढूं नये.

बालवर्गाचें झालें, कॉलेजांतलें काय? आमच्या धंद्यांतील शांतता ही निराळ्याच जातीची आहे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ झालें, व्याख्यान इंग्रजींतून, उत्तरपत्रिका इंग्रजींतून. गुरु सांगतो व शिष्य उतरून घेतो. लेखण्यांचा आवाज तेवढा येतो. या शांततेला आम्ही पिढ्यान् पिढ्या एकाग्रता समजत आलों. तिच्यांतली किती न कळल्याची, किती चुकीचें इंग्रजी तोंडांतून जाईल या भीतीची, याचा हिशेब कोणी मागितला नाहीं. अमेरिकेंत मेरी बड रो या विदुषीनें १९७० नंतरच्या दशकांत वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून घड्याळ लावून तपासलीं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठीं सरासरी एखाद्या सेकंदाहून फारसा थांबत नाहीं, असें तिला आढळलें. तोंवर तो दुसऱ्याला विचारतो किंवा स्वतःच सांगून टाकतो. हा थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हां उत्तरें लांबलीं, कधीं न बोलणारीं मुलें बोलूं लागलीं आणि मुलांनीं आपण होऊन विचारलेले प्रश्न वाढले.

तीन सेकंद म्हणजे फार नव्हे, असें वाटतें. फळ्यापुढें उभें राहून मोजून पाहावेत. ते संपतां संपत नाहींत. पहिल्या सेकंदाला पुढच्या बाकांवरचे दोघे, जे नेहमींच बोलतात, ते हात वर करतात. दुसऱ्या सेकंदाला आपल्यालाच उत्तर सांगून मोकळें व्हावेंसें वाटतें. प्रश्न इंग्रजींत विचारून झाल्यावर तोच मराठींत विचारला आणि मग गप्प राहिलों, तर तिसऱ्या सेकंदाच्या सुमारास भिंतीकडेच्या रांगेंत कोणीतरी घसा खाकरतें. तें उत्तर पुष्कळदां अपुरें असतें. पण तें ऐकावयास वर्ग मागें वळून पाहतो.